पहिल्या स्पर्धेपूर्वी

भिवंडी हे यंत्रमागांचे आणि गोदामांचे शहर. सायंकाळी शाळा व शिकवणी आटोपली, की येथील सोसायट्यांच्या सभागृहांत, शाळांच्या पटांगणांत, क्वचित एखाद्या इमारतीच्या गच्चीवर पांढऱ्या पोशाखातील मुलामुलींच्या रांगा उभ्या राहतात आणि कराटे, तायक्वांदो किंवा ज्युदोचा सराव सुरू होतो. पाल्याचे नाव घालताना पालकांचा हेतू बहुधा साधा असतो. मुलांनी मोबाइल थोडा वेळ बाजूला ठेवावा, अंगात चपळाई यावी, मुलींना प्रसंगी स्वतःचे रक्षण करता यावे, एवढीच अपेक्षा असते. वर्ष-दीड वर्ष असे जाते, कमरेच्या पट्ट्याचा रंग बदलतो आणि एके दिवशी प्रशिक्षक सांगतात, की येत्या महिन्यात जिल्हा स्पर्धा आहे, नाव द्यावे.

त्या दिवसापासून घरातील हवा बदलते. आजीला दुखापतीची काळजी वाटते, वडिलांना पदक दिसू लागते, आईला परीक्षेचे वेळापत्रक आठवते. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे, ते दहा-बारा वर्षांचे मूल मात्र एकाएकी गप्प होते. त्याच्या हातापायांची तयारी प्रशिक्षक करून घेत असतात. मनाची तयारी करायची असते, हे बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानीही येत नाही. पहिल्या स्पर्धेनंतर जी मुले सराव सोडून देतात, त्यांतील अनेकांचे पाय कमी पडलेले नसतात. त्या दिवसाचा धसका त्यांना पेलता आलेला नसतो. म्हणूनच या तयारीचा विचार घराने वेळेवर करणे अगत्याचे आहे.

लढत आणि अहिंसा

अनेक जैन कुटुंबांत पहिला प्रश्न वेगळाच उभा राहतो. ज्या घरात पावलाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपले जाते, तेथील मुलाने दुसऱ्या मुलावर हात उगारण्याची स्पर्धा खेळावी काय? हा प्रश्न मूलही मनात बाळगून असते आणि त्याचे उत्तर न मिळाल्यास ते मॅटवर अर्ध्या मनाने उतरते. अर्ध्या मनाने उतरणारा खेळाडू स्वतःही दुखावतो आणि समोरच्यालाही दुखावतो. त्यामुळे हे उत्तर घरात आधीच स्पष्ट व्हावे.

कराटेच्या जागतिक महासंघाच्या नियमांत बेताल प्रहाराला गुण मिळत नाहीत, शिक्षा मिळते. ठोसा किंवा लाथ अचूक अंतरावर, योग्य क्षणी आणि ताबा राखून टाकली असेल, तरच पंच गुण देतात. गुण देताना खेळाडूची वृत्ती आणि प्रहारानंतरही टिकलेले अवधान पाहिले जाते. समोरच्याला इजा करणारा खेळाडू लढत गमावूही शकतो. शोतोकान कराटेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी हे पेशाने शाळाशिक्षक होते. त्यांनी शिष्यांसाठी घालून दिलेल्या वीस सूत्रांत पहिले स्थान नमस्काराला आहे, आणि पहिला प्रहार आपण करायचा नाही, ही शिकवण त्याच्या लगेच पुढे येते. स्पर्धात्मक लढतींविषयी त्यांच्या मनात शेवटपर्यंत आक्षेप होते. चुरशीच्या भरात विद्येचा मूळ हेतू हरवेल, ही त्यांची धास्ती होती. पालकांनी ही धास्ती ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

भरत आणि बाहुबली यांची कथा या वाचकवर्गाला नव्याने सांगण्याची गरज नाही. परंपरेनुसार तपशिलात फरक असला, तरी तिच्यातील एक गोष्ट सर्वत्र समान आहे. दोन सैन्यांचा संहार टाळण्यासाठी दोघा भावांनी नियमबद्ध द्वंद्व स्वीकारले, आणि जिंकण्याच्या क्षणी बाहुबलींनी उगारलेला हात आवरला. बळ असणे आणि ते आवरता येणे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत नांदू शकतात, हे मुलाला या कथेतून सहज समजते. मॅटवर समोर उभा असलेला मुलगा शत्रू नाही. तोही आपल्याइतकाच घाबरलेला, आपल्याच वयाचा विद्यार्थी आहे. एवढे उमगले, की मनातील अर्धा गोंधळ ओसरतो.

भीतीचे शरीरशास्त्र

उरलेला अर्धा गोंधळ भीतीचा. स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. सकाळी पोटात गोळा येतो, तळहात गार पडतात, तोंडाला कोरड पडते, पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते. मुलाला वाटते, आपल्याला काहीतरी झाले आहे. इतर सारे धीट आहेत, आपणच भित्रे आहोत. वास्तविक हे शरीराचे ठरलेले काम आहे. धोक्याची किंवा कसोटीची चाहूल लागताच मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, हृदयाची गती वाढते, रक्त पचनसंस्थेकडून मोठ्या स्नायूंकडे वळते. पोटातील गोळा आणि गार पडलेले हात ही त्या वळलेल्या रक्ताची खूण आहे. अनुभवी खेळाडूंनाही हे होते. ते कशाचे लक्षण आहे, हे त्यांना ठाऊक असते, इतकाच फरक. ही माहिती मुलाला स्पर्धेच्या दोन आठवडे आधी, शांत वेळी द्यावी. आधी ऐकलेली गोष्ट प्रत्यक्ष घडली, की तिची दहशत निम्मी होते.

थोडा ताण उपयोगीही असतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी १९०८ साली मांडलेल्या निष्कर्षाचा आधार यासाठी घेतला जातो. अवघड काम शिकताना उद्दीपन अगदी कमी असले तरी प्रगती मंदावते आणि अति झाले तरीही मंदावते. मधल्या पातळीवर ती उत्तम होते. त्यांचे प्रयोग उंदरांवरचे होते. पुढे क्रीडामानसशास्त्राने हा विचार खेळाडूंना लावला. भिवंडीकरांना हे समजायला पुस्तकाची गरज नाही. मागावर ताणा अति ओढला तर धागा तुटतो, सैल राहिला तर कापड नीट विणले जात नाही. कारागीर ताण नाहीसा करत नाही, तो बेताचा ठेवतो. मुलालाही ‘घाबरू नकोस’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण घाबरणे त्याच्या हातात नसते. त्या अवस्थेला कोणते नाव द्यायचे, हे मात्र त्याच्या हातात असते. हार्वर्ड येथील ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना गाणे, भाषण आणि गणित अशा कसोट्यांना सामोरे जाण्यास सांगितले होते. स्वतःला शांत राहण्यास बजावणाऱ्यांपेक्षा, आपल्याला उत्साह वाटतो आहे असे स्वतःला सांगणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड तीच असते. ‘मला भीती वाटते’ याऐवजी ‘माझे शरीर तयार होत आहे’ असे म्हणणे मूल शिकू शकते.

लंडनची गादी

पहिल्या मोठ्या स्पर्धेत माणूस नेमका कशाला बिचकतो, हे महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील पैलवान होते. खाशाबा घडले ते तांबड्या मातीत, गावोगावच्या जत्रांमधील फडांत. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनमध्ये त्यांच्यापुढे आलेले जवळजवळ सारेच नवे होते. पायाखाली मातीऐवजी गादी होती. मातीत पाय रोवता येतो, गादीवर त्याची पकड निराळी असते. नियम आंतरराष्ट्रीय होते, वेळेचे बंधन होते, डावांच्या मोजमापाची रीत वेगळी होती. अमेरिकेचे माजी पैलवान रीस गार्डनर यांनी त्यांना तेथे मार्गदर्शन केले. अशा परिस्थितीत बावीस वर्षांचे खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. आयुष्यात प्रथमच गादीवर उतरलेल्या मल्लासाठी ही कामगिरी थोर होती. पदक मात्र मिळाले नव्हते.

खाशाबांच्या अंगी बळ, डाव आणि धैर्य यांपैकी कशाचीही वाण नव्हती. कमी होती ती परिचयाची. पहिल्या स्पर्धेतील भीतीचा मोठा भाग याच अपरिचयातून येतो. समोरच्याच्या ताकदीपेक्षा अनोळखी सभागृह, अनोळखी पंच, अनोळखी गलका आणि अनोळखी शिस्त यांनी मन अधिक बिचकते. मुलाच्या तयारीचे मुख्य सूत्र येथे सापडते. जे जे त्या दिवशी नवे असणार आहे, ते ते शक्य तितके आधी ओळखीचे करून घ्यावे.

अनोळखी ते ओळखीचे

यासाठी महिनाभराचा अवधी पुरेसा असतो. प्रथम, मुलाने एखादी स्पर्धा केवळ प्रेक्षक म्हणून पाहावी. ठाणे, कल्याण, मुंबई या परिसरात अशा स्पर्धा भरत असतात. तेथे एकाच वेळी अनेक मॅटवर लढती चालतात, ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात, शिट्ट्या आणि आरोळ्या यांत स्वतःचे नाव ऐकू येणेही कठीण होते. हे सारे एकदा निवांतपणे पाहिलेले मूल आपल्या स्पर्धेत भांबावत नाही.

दुसरे, नियम तोंडपाठ असावेत. कराटेच्या कुमिते प्रकारात एका खेळाडूचा पट्टा तांबडा असतो, दुसऱ्याचा निळा. ‘आका’ आणि ‘आओ’ हे शब्द कानी पडले, की आपल्याविषयी बोलले जात आहे की समोरच्याविषयी, हे क्षणात उमगले पाहिजे. रूढ नियमांत ‘युको’ला एक, ‘वाझा-आरी’ला दोन आणि ‘इप्पोन’ला तीन गुण मिळतात. प्रौढांची लढत तीन मिनिटांची, तर कुमार गटाची दोन मिनिटांची असते. स्पर्धेगणिक यांत बदल होऊ शकतात, म्हणून प्रशिक्षकांकडून त्या स्पर्धेचे नियम आधीच समजून घ्यावेत. घरी वडिलांनी किंवा आजोबांनी पंच व्हावे आणि जेवणाच्या आधी पाच मिनिटे हा सराव खेळीमेळीने करून घ्यावा. मूल चुकले तर हसावे, रागावू नये.

तिसरे, सराव नेहमीच्याच जोडीदाराबरोबर होऊ नये. ज्याच्या लकबी ठाऊक आहेत त्याच्याशी खेळण्याची सवय अंगवळणी पडते आणि अनोळखी खेळाडूपुढे ती निरुपयोगी ठरते. शेजारच्या वर्गातील मुलांशी, वेगळ्या उंचीच्या आणि वेगळ्या वेगाच्या खेळाडूंशी काही लढती प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली व्हाव्यात. माउथ गार्ड, हातमोजे, नडगीवरील संरक्षक हे सारे घालूनच त्या खेळाव्यात. नवे साहित्य पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशीच अंगावर चढवणे टाळावे.

चौथे, मनातल्या मनात स्पर्धा खेळून पाहावी. रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे डोळे मिटून नाव पुकारले जाण्यापासून शेवटच्या नमस्कारापर्यंतचा प्रसंग मुलाने क्रमाने आठवावा. त्यात केवळ विजय पाहू नये. पाय घसरला, पंचांनी गुण दिला नाही, पहिल्याच क्षणी समोरच्याने गुण घेतला, असे प्रसंगही पाहावेत आणि त्यानंतर आपण काय करतो, तेही पाहावे. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याची या सरावासाठी ख्याती आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि त्याला दिसेनासे झाले. हाताचे फटकारे मोजत त्याने शर्यत पुरी केली आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवून सुवर्णपदक मिळवले. अडचणीचा विचार आधी करून ठेवलेला असला, की ऐन वेळी विचार करत बसावे लागत नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘जर-तर’ निश्चयांचा अभ्यास केला आहे. ‘मी चांगले खेळेन’ या मोघम संकल्पापेक्षा ‘गुण गेला, तर एक दीर्घ श्वास घेऊन आपल्या जागी उभा राहीन’ असा नेमका निश्चय कृतीत सहज उतरतो. मुलाने असे तीन निश्चय स्वतःच्या अक्षरात वहीत लिहावेत. तीन पुरेत, दहा लिहिले तर एकही आठवणार नाही.

अन्न, उपवास आणि वजन

स्पर्धेच्या दिवसाचा विचार करताना काही व्यावहारिक गोष्टी मनाच्या तयारीचाच भाग ठरतात, कारण पोट रिकामे असताना मन स्थिर राहत नाही. अशा स्पर्धा सकाळी लवकर सुरू होतात आणि पुष्कळदा रात्रीपर्यंत लांबतात. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम असलेल्या मुलाने आपली लढत नेमकी कधी येईल, या अनिश्चिततेत दिवसभर उपाशी राहणे घातक आहे. सभागृहाबाहेर मिळणारा वडा किंवा सँडविच कांदा-बटाट्याचे असण्याचाच संभव अधिक. म्हणून घरूनच डबा न्यावा. खाकरा, ठेपले, मुगाचे पदार्थ, केळी, खजूर, असे पचायला हलके आणि थोडे थोडे खाता येईल असे काही असावे. उकळून गार केलेले पाणी पिणाऱ्यांनी ते पुरेसे बरोबर घ्यावे. दुपारी तीन-चारच्या सुमारास नीट खाऊन घेतले, तर सायंकाळची लढतही निभावते. मुलाच्या आहारनियमांची कल्पना प्रशिक्षकांना आधीच दिलेली असावी, म्हणजे ऐन वेळी संकोच वाटत नाही.

पर्युषणाच्या काळात किंवा अन्य तपश्चर्येच्या दिवशी स्पर्धा आली, तर दोहोंपैकी एकाची निवड करणे श्रेयस्कर. उपवासाच्या अंगाने लढतीत उतरणे शरीराला झेपणारे नाही आणि त्यात तपाचाही मान राहत नाही. याच संदर्भात आणखी एक इशारा आवश्यक आहे. खालच्या वजनगटात बसावे म्हणून वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणे किंवा पाणी तोडणे कटाक्षाने टाळावे. मूल ज्या वजनाचे आहे, त्याच गटात त्याने खेळावे.

प्रतीक्षेचे तास

भिवंडीहून ठाण्याकडे जाणाऱ्याला अंजूरफाटा आणि मानकोलीच्या वाहतूक कोंडीचा अनुभव असतोच. उशिरा पोहोचलेले मूल लढतीपूर्वीच दमलेले असते. तासभर आधी निघणे हाही मानसिक तयारीचाच एक भाग समजावा. पोशाख, पट्टा, ओळखपत्र आणि संरक्षक साहित्य आदल्या सायंकाळी मुलाने स्वतःच्या हाताने पिशवीत भरावे. आपली तयारी आपण केली, ही भावना त्याला धीर देते.

प्रत्यक्ष लढत दोन मिनिटांची, पण तिची प्रतीक्षा कधी कधी पाच-सहा तासांची असते. पहिल्या स्पर्धेत मुले बहुधा या प्रतीक्षेतच खचतात. इतरांच्या लढती पाहून ‘तो किती उंच आहे’, ‘तिची लाथ किती वेगवान आहे’ असे मोजमाप सुरू होते. हे टाळण्यासाठी प्रतीक्षेचा काळ वाटून घ्यावा. काही वेळ लढती पाहाव्यात, काही वेळ सभागृहाबाहेर फेरी मारावी, थोडे खावे, एखादे हलके पुस्तक चाळावे. आपला गट पुकारण्याच्या सुमारे अर्धा तास आधी अंग मोकळे करण्यास प्रारंभ करावा.

नाव पुकारल्यावर धडधड वाढेलच. त्या वेळी एक साधा उपाय उपयोगी पडतो. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. उच्छ्वास लांबला, की हृदयाची गती मंदावण्यास मदत होते. ज्या घरांत सामायिक किंवा कायोत्सर्ग यांचा परिपाठ आहे, तेथील मुलांना स्थिर बसून श्वासाकडे लक्ष देणे नवे नसते. ती साधना जिंकण्याचे साधन म्हणून वापरायची नाही. पण तिच्यामुळे अंगी बाणलेली स्थिरता अशा वेळी आपसूक साथ देते.

सोबत कोण असावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. नियम जाणणारी एक व्यक्ती मुलाजवळ असली पाहिजे. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधील कथेत याचे कारण सापडते. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झुंज संपल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागण्यासाठी भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. मुलाच्या वतीने बोलण्याचे काम प्रशिक्षकांचे आहे. पालकांनी प्रेक्षागारातून सूचनांचा भडिमार करू नये. दोन दिशांनी दोन सूचना आल्या, की मूल एकही ऐकू शकत नाही.

हरण्याचे गणित

पराभवाचा विचार करणे अनेक घरांत अशुभ मानले जाते. ‘जिंकूनच ये’ असा आशीर्वाद देऊन मुलाला पाठवले जाते. यामागे प्रेम असते. परंतु साधे अंकगणित पाहावे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका गटात ३२ खेळाडू असतील, तर पहिल्या फेरीतच १६ जण हरतात. संपूर्ण गटात ३१ लढती होतात, ३१ जण एकेकदा पराभूत होतात आणि एकच खेळाडू अपराजित राहतो. काही स्पर्धांत अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते, तरीही बहुतेकांच्या वाट्याला पदक येत नाही. पहिल्यांदाच उतरलेल्या मुलाने पहिल्या फेरीत हरणे ही म्हणूनच सर्वाधिक संभवनीय गोष्ट आहे. जिंकणे हे उद्दिष्ट मानले, तर दिवस पंचांच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. नाव पुकारताच मॅटवर जाणे, दोन्ही वेळा नीट नमस्कार करणे, सरावातील एखादे तंत्र न डगमगता वापरणे आणि शेवटच्या सेकंदापर्यंत खेळत राहणे, ही उद्दिष्टे मुलाच्या स्वतःच्या हातातील आहेत. ती पुरी झाली, तर हरूनही दिवस सार्थकी लागतो.

हरलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येणारच. ते येऊ द्यावे. ‘रडतोस काय’ म्हणून दटावू नये आणि ‘पंचांनीच पक्षपात केला’ असे सांगून त्याच्या मनात क्रोधही पेरू नये. जिंकलेल्या मुलाच्या बाबतीतही सावधगिरी हवीच. क्रोधाइतकाच मान हाही कषाय आहे, आणि पदकामागोमाग तो मुकाट्याने घरात शिरतो. निकाल काहीही लागो, मुलाने समोरच्याशी हात मिळवून, पंचांना नमस्कार करून मगच मॅट सोडावी, हा नियम घराने ठरवून द्यावा.

परतीच्या प्रवासात पालक काय बोलतात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पहिला तासभर स्पर्धेविषयी काहीच बोलू नये, जेवणाखाणाचे बोलावे. नंतर मूल आपण होऊन बोलू लागले, तर दोनच प्रश्न पुरेत: आज नवे काय कळले, आणि पुढच्या वेळी काय वेगळे करावेसे वाटते? ‘का हरलास?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दहा वर्षांच्या मुलाकडे नसते. ‘अमक्याचा मुलगा बघ, पदक घेऊन आला’ हे वाक्य तर उच्चारूच नये. प्रशिक्षकांनी दाखवलेल्या चुका दोन-तीन दिवसांनी, मन शांत झाल्यावर वहीत उतरवाव्यात.

चार वर्षांची मजल

लंडनहून पदकाविना परतलेले खाशाबा पुन्हा सरावाला लागले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची चणचण होती. गावकऱ्यांनी मदत केली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या स्पर्धेत बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. लंडनला अनोळखी वाटलेली गादी हेलसिंकीला ओळखीची झाली होती, आणि मधल्या चार वर्षांत त्यांच्यावर विश्वास टाकणारी माणसे पाठीशी उभी होती.

प्रत्येक मूल ऑलिम्पिकला जाणार नाही आणि जाण्याची गरजही नाही. पण पहिल्या स्पर्धेत ते जे शिकते, ते दहावीच्या परीक्षेत, पहिल्या मुलाखतीत, व्यवसायातील पहिल्या नुकसानीतही त्याच्या कामी येते. अनोळखी प्रसंगाची आधी ओळख करून घ्यावी, आपल्या हातातील गोष्टी नीट कराव्यात आणि निकाल शांतपणे स्वीकारावा. ही शिकवण पक्की करण्यासाठी घराने करण्याजोगी शेवटची गोष्ट अगदी लहान आहे. स्पर्धेनंतर पदक मिळालेले असो वा नसो, तो पांढरा पोशाख धुऊन, इस्त्री करून ठेवावा आणि सोमवारी सायंकाळी मुलाला नेहमीच्या वेळी वर्गात पोहोचवावे.